डाव्या कानाशी

कबनूरच्या स्टॉपवर तिघं उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अनुजाच्या हातात कपड्यांची पिशवी होती, आईच्या हातात एक फाइल. वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, हातात काहीच नव्हतं, तरी हात थरथरत होते. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट चालला होता.

"हे बघ आनू," आई चालता चालता म्हणाली, "हितं निस्तं पिण्याचं सांगायचं. त्येचं न्हाय."

तो म्हणजे आण्णांच्या डाव्या कानाशी बोलणारा. दोन वर्षांपूर्वी कागलच्या एमआयडीसीत, फौंड्रीत ओतकामाच्या भट्टीवर काम करताना तो पहिल्यांदा बोलला. आण्णा त्याला 'पावणं' म्हणत. त्यानं गप्प बसावं म्हणून आण्णा प्यायला लागले, आणि उतरली की पावणं दुप्पट बोलायला लागे.

याआधी दोन ठिकाणं झाली होती. व्यसनमुक्ती केंद्रात आईनं फक्त दारू सांगितली, कारण वेडाचं कळलं तर उद्या पोरीला स्थळ कोण आणणार? मनाच्या डॉक्टरांना तिनं फक्त आवाज सांगितला, कारण दारुड्याची बायको म्हणवून घ्यायची तिला लाज वाटे. केंद्रातून आण्णा अठराव्या दिवशी भिंतीवरून उडी टाकून पळाले. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी दारूवर घेतल्या, आणि दीड दिवस ते उठलेच नाहीत. तो दीड दिवस अनुजा त्यांच्या नाकापुढं बोट धरून बसली होती. आणखी एकदा अर्धंच सांगितलं तर आण्णा हाती लागणार नाहीत, एवढं तिला पक्कं कळलं होतं.

दवाखाना छोटा होता. डॉक्टर मॅडमनी खिडकी लावून घेतली आणि यंत्रमाग एकदम बंद झाल्यासारखे वाटले. खोलीत फिनेलचा वास होता. पंखासुद्धा आवाज करत नव्हता.

"कधीपासून घेता?" मॅडमनी विचारलं.

आण्णांनी मान डावीकडं कलती केली. ते ऐकत होते.

"दोन वर्सं झाली," आईनं घाईनं सांगितलं.

"आणखी काही त्रास? भास? आवाज?"

"छ्या! तसलं काय न्हाय आमच्यात."

आण्णांचे ओठ हलले. अनुजालाच ऐकू जाईल इतक्या हळू ते म्हणाले, "पावणं म्हणतंय... पोर सांगंल. तिला भाईर पाठव."

उत्तर येत असूनही वर्गात अनुजाचा हात वर होत नसे. आता मात्र तिनं मांडीवरची पिशवी उघडली. कपड्यांच्या तळाशी, आण्णांच्या बनियनमध्ये गुंडाळून, आईनं दुसरी, मनाच्या डॉक्टरांची फाइल लपवली होती. ती काढून तिनं टेबलावर ठेवली.

"मॅडम... ही पण आहे."

त्याच वेळी तिच्या मानेवर कुणीतरी गरम श्वास सोडला. त्याला भट्टीतल्या जळक्या वाळूचा वास होता. खिडकी बंदच होती.

"आनू!" आईचा आवाज चिरकला. मग तिनं पदरात तोंड घातलं. "आता सारं गाव बोलंल, मॅडम."

"गावाला इथं कुणी बोलावलंय, ताई?" मॅडम दोन्ही फायली शेजारी ठेवत म्हणाल्या. "एका दोऱ्याच्या दोन गाठी आहेत या. एकच ओढली की दुसरी आवळते. आपण दोन्ही बरोबरच सोडवू. पण दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, म्हणून यांना इथंच राहू द्या."

बाराव्या दिवशी दोघी भेटायला गेल्या. आण्णा दाढी करून खाटेवर बसले होते, मोसंबं सोलत. साल एका लांब पट्टीत निघत होती. हात जरासुद्धा थरथरत नव्हता.

"आण्णा... आणि तो?"

"चार दिस झालं, गप हाय. गेला वाटतं."

"च्या न घेताच गेलं व्हय पावणं?" आई म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली. आण्णाही हसले. अनुजाला वाटलं, आता घरी जाऊन पोटभर झोपावं.

शेजारच्या खाटेवर गुंडूमामा होते. ते चार दिवसांपूर्वीच दाखल झाले होते. चाळीस वर्षं यंत्रमागावर काढून त्यांचे दोन्ही कान पार गेले होते. नर्स त्यांना सगळं पाटीवर लिहून दाखवी, आणि ते बोलले की अख्खा वॉर्ड दचके. "जेवलीस काय गं पोरी!" मघाशी अनुजाला बघून ते असेच ओरडले होते.

आता मात्र ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. खाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभरही जागा नव्हती. त्यांनी मान डावीकडं कलती केली होती, आणि ते मन लावून ऐकत, मधूनमधून डोकं हलवत होते. "व्हय... व्हय."

आईचं लक्ष नव्हतं. आण्णा फोडी मोकळ्या करत होते. अनुजा उठली. हे मॅडमना सांगायलाच हवं होतं.

ती दोन पावलं गेली असेल नसेल. गुंडूमामांनी मागं वळून पाहिलं नाही. ओरडलेही नाहीत. एखाद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन सांगावं तसं ते भिंतीला म्हणाले,

"जरा हळू बोला की... पोर ऐकतीया."