मामा माळ्यावर चढला

दुपारचं जेवण उरकलं की बायकोचा हात धरायचा, बस पकडायची आणि विद्यापीठाच्या फाटकापाशी उतरायचं, एवढंच माझं काम होतं. त्यात भिण्यासारखं काय आहे? मी नळदुरुस्तीत जन्म घालवलेला माणूस, शाळा चौथीत सोडलेली. लिहायची सवय नाही, अक्षर गचाळ आहे, तरी लिहितोय. वाचताना दिवा लावून बसा हवं तर. पण यातलं मला काय कळलं हे विचारू नका. मी उलटंसुलटं करून पाहिलं, अजून धड लागत नाही.

बायकोला झटका आला आणि तिची वाचा गेली. हातपाय वाचले. चालायची, भाजी चिरायची, पण तोंडातून शब्द नाही. आणि ही कोण बाई, तर जिच्या तोंडाच्या पट्ट्याला शेजारचे दारं लावून घ्यायचे. "बसलेत बघा लोढ्यासारखे," हे ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. आता घरात चमचा पडला तरी मी दचकायचो. मला माझ्या शिव्या परत हव्या होत्या. दुसरं काही मागत नव्हतो.

मुलीनं चौकशी करून विद्यापीठातल्या एका संशोधनात तिचं नाव घातलं. तीन खात्यांचं मिळून काम होतं. एक मेंदूचा डॉक्टर, एक इंजिनियर आणि परदेशी लोकांना आपली भाषा शिकवणारी एक बाई. परक्याला शिकवतात तसंच वाचा गेलेल्याला त्याची स्वतःची भाषा पहिल्यापासून शिकवायची, अशी त्यांची कल्पना. डॉक्टर तपासायचा, इंजिनियर डोक्यावर तारांची टोपी चढवायचा, आणि वाक्यं बाईंची.

खोली मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. भिंतींना, दाराला, छतालासुद्धा राखाडी स्पंजचे सुळके. एका बाजूला जाड काच, तिच्यापलीकडे ते तिघे बसायचे. दार लागलं की बाहेरचं जग कात्रीनं कापल्यासारखं तुटायचं. खोकलो तर खोकला तोंडापुढेच गळून पडायचा. जुन्या स्पंजचा आणि तापलेल्या वायरींचा वास. आणि शांतता अशी, की आपल्याच कानातलं रक्त सरकताना ऐकू यावं. बायको एकटी बसेना, म्हणून मला कोपऱ्यात स्टूल दिलं होतं.

समोरच्या पेटीतून बाईंचा भरून ठेवलेला आवाज यायचा. "मामा आला." मग थांबायचा. "मामानं शिडी मांडली." पुन्हा थांबायचा. "मामा माळ्यावर चढला." बायकोनं मागून म्हणायचं.

मी बाईंना विचारलं, "मामाच का? नवरा का नाही?"

"आजोबा, ओठ मिटून होणारे आवाज आधी येतात. तान्ह्या बाळाचं तसंच असतं. मामा म्हणायला ओठ पुरतात. नवरा म्हणायला जीभ लागते."

"जिभेची तिला कधी कमी नव्हती."

इंजिनियर हसला. बायकोनं माझ्याकडे रागानं पाहिलं. तेवढ्यावर मी घरी खुशीत गेलो.

बरेच दिवस नुसतं ओठ हलवणं चाललं. मग एका दुपारी तिच्या तोंडून "मामा" आलं. फाटकं, घोगरं, पण तिचंच. मी स्टुलावर बसल्या बसल्या रडलो, सांगायला लाज कसली. त्याच आठवड्यात "मामा माळ्यावर चढला" सबंध आलं. पुढचा धडा बाजाराचा होता, "बाबा बाजारात भाजी बघतात" असला काहीतरी. तो तिनं म्हटला नाही. ती मामापाशीच थांबली.

आता हे नीट ऐका. बायको एकुलती एक. आमच्या पोरीला मामाच नाही. आणि घराला माळा नाही, आम्ही तळमजल्याला, वर दुसऱ्यांचं बिऱ्हाड. तरी ही बाई घरी आली की मधल्या वाटेत उभी राहून छताकडे बघत बसायची.

"मामा…" म्हणायची आणि बोट वर.

"अगं, धडा आहे तो. खोटा मामा आहे."

ती मान हलवायची. नाही. ताटातलं निम्मं काढून ठेवायची, वर झाकण. उरलेलंही खाईना. चेहरा एवढासा झाला. मुलगी रविवारी आली तर तिला ओढत नेऊन छत दाखवलं. "आई, तिथं कोणी नाही गं," पोरगी म्हणाली, तर हिनं तिच्या तोंडावर हात ठेवला आणि कान टवकारले. मीही टवकारले. मूर्खासारखा.

वर काहीतरी हललं. कोणीतरी बसल्या जागी अंग सावरावं आणि त्याच्याखालची फळी करकरावी, तसं.

मी वर गेलो. वरच्यांच्या दाराला कुलूप होतं, ते लेकाकडे गेले होते. आणि त्यांच्या घरात फरशी आहे. लाकूड नाही. मी जे ऐकलं ते लाकूड होतं… निदान मला तसं वाटलं. मुलगी म्हणाली, पाइप असेल. पाइप कसा वाजतो हे ही मला सांगणार!

विद्यापीठात रोग्यांची एकमेकांशी गाठ पडू देत नसत. एकाचं दुसऱ्यानं उचललं तर मोजमाप चुकतं म्हणे. प्रत्येकाची वेळ वेगळी. पण एकदा आमची बस लवकर पोचली. आधीचा रोगी अजून आत होता. एक पोस्टमन, निवृत्त झालेला. त्याची सून बाहेर पाण्याच्या नळापाशी उभी होती. चुणचुणीत बाई, पण डोळ्यांखाली काळं पडलेलं.

"काका, एक विचारू? हसायचं नाही."

"मला हसताना बघितलंय कुणी?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्याकडे… मामा उतरला का?"

माझ्या हातातला पेला तसाच राहिला.

"आमच्याकडे सासरे जेवत नाहीत," ती हळूच म्हणाली. "दिवसभर वर बघतात. शेवटी ह्यांनी स्टूल ठेवून छतातलं झाकण उघडून दाखवलं. म्हटलं, बघा, रिकामं आहे. तर ते रडायला लागले… आणि बोट अजून वर."

"अजून वर?"

"छपराच्या वर काय असतं, काका?"

मला काय ठाऊक. मी तिचा फोन नंबर घेतला, माझा दिला. आणि बायकोला तिच्याजवळ बसवून थेट त्या तिघांच्या खोलीत घुसलो.

डॉक्टर शांत माणूस. "असं होतं, आजोबा. शब्द अडकतो. एकाच जागी टाचणी अडकावी तसा."

"सगळ्यांची एकाच जागी?"

त्यानं चष्मा काढला आणि पुसत बसला. म्हणजे सगळ्यांचं तेच होतं. त्यांना माहीत होतं.

मी बाईंकडे वळलो. "तुमचा मामा उतरतो कुठल्या धड्यात?"

"उतरत नाही."

"म्हणजे?"

"तो पुढं येतच नाही. मी ओठ मिटणारे शब्द वेचत होते. मामा, माळा. 'खाली उतरला' यात ओठ कुठं मिटतात? म्हणून पुढं बाजार घेतला."

"म्हणजे माणूस वर चढवला आणि पुस्तक मिटून तुम्ही घरी गेलात."

"आजोबा, माणूस नाहीच आहे तो!"

"मग उतरवायला काय जातंय? उतरवा त्याला. माझी बायको उपाशी मरतेय."

डॉक्टर म्हणाला, मध्येच धडे बदलले तर सगळं संशोधन वाया. इंजिनियर इतका वेळ गप्प होता. तो खाली बघून म्हणाला, "सर, सगळेच अडकलेत. वाया तर तसंही चाललंय."

मग बाई उठल्या, पोस्टमनला बाहेर सुनेकडे पाठवलं आणि वाक्य भरायला एकट्या त्या स्पंजच्या खोलीत गेल्या. आम्ही काचेतून बघत होतो. एकच वाक्य, पण त्या लगेच बाहेर आल्या नाहीत. मागं वळून पाहिलं, मग आल्या. दंड चोळत होत्या.

"काय झालं?" डॉक्टरनं विचारलं.

"काही नाही. मी म्हटल्यावर मागून कोणीतरी… तसंच म्हटल्यासारखं वाटलं. रोग्यांची सवय झालीय कानांना."

"त्या खोलीत प्रतिध्वनी येऊच शकत नाही," इंजिनियर जोरात म्हणाला. मग स्वतःच काचेतून आत बघू लागला.

बायकोला आत बसवलं. टोपी चढवली. मी माझ्या स्टुलावर. पेटी बोलली, "मामा आला." बायको मागून म्हणाली. "मामानं शिडी मांडली." म्हणाली. "मामा माळ्यावर चढला." म्हणाली, आणि सवयीनं वर पाहिलं.

"मामा माळ्यावरून खाली आला."

ती काही म्हणाली नाही.

वर बघणं थांबलं. मान हळूहळू खाली आली आणि दाराकडे वळली. तोंडावरचा रंग उतरत गेला. खोलीत कुठूनतरी माळ्यावरच्या जुन्या धुळीचा वास आला, मिटलेल्या ट्रंकेला येतो तसा. मी छातीवर हात ठेवून सांगतो, आला.

"मामा वरच आहे," बायको म्हणाली.

स्वच्छ बोलली. झटक्याआधी बोलायची तशी. मग माझी बाही घट्ट धरून कुजबुजली,

"मग हा… खाली आला तो कोण?"

काचेपलीकडे डॉक्टर उभं राहून टाळ्या वाजवत होता. कोणी न शिकवलेलं, तिचं स्वतःचं पहिलं वाक्य! स्पंजमुळं टाळ्या ऐकू येत नव्हत्या, नुसते हात आपटताना दिसत होते. बाई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या.

त्या दिवसापासून तिची वाचा उघडली, अडकलेल्या नळाची चकती बदलावी तशी. दुसऱ्या सकाळी मी दाढी न करता चहाला बसलो तर आतून आवाज आला, "अहो, ती बनियन काढा अंगातली. भांडी पुसायलासुद्धा घेणार नाही कुणी." मी बनियन काढली आणि उघडाच बसलो, इतका आनंद. ताटभर जेवायला लागली. छताकडे बघेना. शेजाऱ्यांनी पुन्हा दारं लावून घ्यायला सुरुवात केली. मुलगी येऊन आईच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टरनं कळवलं, ते नवं वाक्य ऐकवल्यापासून सगळ्याच रोग्यांना बोलता यायला लागलंय, असं कुठं घडलेलं नाही. तो मोठ्या सभेत हे वाचून दाखवणार होता. बाई काम सोडून गेल्या, का ते सांगितलं नाही.

मला सुखात राहता आलं असतं. पण माझी खोड. एकदा ती कपडे घडी करत होती तेव्हा विचारलं, "अगं, त्या दिवशी कोण आलं होतं?"

हातातला कपडा थांबला. "तुम्हाला बोलणारी बायको हवी होती ना?"

"हो."

"मिळाली ना?"

"हो."

"मग गप बसा."

जुनंच उत्तर, जुनाच ठसका. पण ती माझ्याकडे बघून बोलली नव्हती. दाराकडे बघून बोलली होती. मी गप बसलो. जिला परत मिळवायला इतकं केलं, तिला एका प्रश्नापायी पुन्हा मुकी करायची माझी छाती नव्हती.

मग काल संध्याकाळी फोन वाजला. मी खाटेवर मधोमध बसलो होतो, ती स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. नंबर पोस्टमनच्या सुनेचा होता. मी म्हटलं, "बोला, सूनबाई."

"मी पोस्टमन बोलतोय." मी त्याचा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. म्हातारा, पण साफ. एकेक शब्द ओठांनी दाबून, धड्यात म्हणतात तसा.

"अरे वा! बरं वाटलं. सूनबाई कुठं आहेत?"

"इथंच बसलीय समोर."

"मग द्या की तिला."

"ती बोलत नाही आता."

मागं कोणीतरी बाई हुंदके देत होती. तोंडावर हात ठेवल्यासारखे… नाही. तोंडावर हात नसावा. त्या हुंदक्यांना आवाजच नव्हता, नुसता श्वास होता.

"वहिनींना निरोप द्या," पोस्टमन म्हणाला. "आमच्याकडून निघाला."

फोन बंद झाला. मी तसाच धरून बसलो. आत भांड्यांचा आवाज थांबला. कोणाचा फोन, काय निरोप, काही न विचारता बायको पदराला हात पुसत दारात आली. माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे. ट्रंकेतल्या धुळीचा वास घरभर झाला होता.

"अहो," ती म्हणाली, अगदी प्रेमानं, "जरा सरकून बसा."

मी सरकलो. का सरकलो, कुणास ठाऊक. शेजारी खाट दबली.

"कोण आलंय?" असं विचारायला मी तोंड उघडलं. ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. घरात आवाज मात्र एकट्या तिचाच होता. ती कोणालातरी पाणी हवं का म्हणून विचारत होती.