पहिल्या पसंतीचे हात

"चेंडू सुटला की सबब सांगायची नाही. तोंड मिटायचं, पुन्हा पळायचं."

आजोबा कधीच गेले, पण त्यांचा हा आवाज कॉर्विन टेटच्या कानात राहिला होता. म्हणून या मोसमात त्याच्या हातून पास निसटत गेले, तसतसा तो गप्प होत गेला.

ईरी सरोवराकाठच्या हेरन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने यंदा नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यांआधी त्यालाच उचललं होतं, लांबचे पास झेलायला. आता प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते. शेवटी मालकीणबाई लोरेन हॅल्स्टेड यांनी गुप्तहेर आयडेला क्रो हिला बोलावलं.

"निवड आमच्यासाठी खेळाडू हेरणाऱ्या एल्मर स्टॅव्हची. कुणी त्याचे हात ओले केले असतील तर मला कळायला हवं. उद्या त्याला काढतेय. पोरालाही."

एल्मरने कॉर्विनच्या कॉलेजातल्या सामन्यांची चित्रफीत लावली. प्रत्येक तुकडा चेंडू हवेत असतानाच सुरू होत होता. झेल मात्र एकही सुटला नव्हता.

"फेकणारा कुठाय?" आयडेलाने विचारलं.

"कापला. झेलणाऱ्याला जोखायचं तर फेकणाऱ्याकडे कशाला बघू? या धंद्यात सगळे असंच करतात."

"आणि त्याला बघायला मैदानात गेलात तेव्हा?"

"हातांवरून नजर हलली नाही, मॅडम. काय हात होते."

संघाचा पास फेकणारा नोलन रीस वैतागलेला होता. "माझे पास जड जातात म्हणे त्याला. मग सरावाला चेंडू फेकणाऱ्या यंत्राचे का सुटतात?"

कॉर्विनच्या कपाटात एक फोटो होता. गळ्यात गळे घातलेली दोन पोरं. दुसऱ्याच्या उजव्या मनगटात घड्याळ.

"हा कोण?"

"डॅरेल. शेजारचा. लहानपणापासून कॉलेजपर्यंत तोच फेकायचा, मी झेलायचो."

"मग इथे काय झालं?"

"चूक माझी, मॅडम." त्याने कपाट लावून घेतलं.

जेवताना आयडेलाच्या उजव्या हाताला तिचा जोडीदार मार्व्ह प्रूइट बसला होता. त्याचं कोपर लागून तिची कॉफी सांडली.

"सरक की रे."

"जन्मभर हेच ऐकतोय. ते सोड. पोरगा घाबरलाय, झालं. यात गुपित कसलं?"

आयडेला ओल्या बाहीकडे बघत राहिली. मग हसली.

दुपारी तिने सगळ्यांना मैदानात बोलावलं आणि चेंडू मार्व्हच्या हातात दिला.

"मी? शाळा सुटल्यापासून हात लावला नाही याला."

"फेक तर."

मार्व्हचे पास वेडेवाकडे गेले. कॉर्विनने एकूण एक झेलले, फूल खुडावं तसे.

"मार्व्ह डावखुरा आहे," आयडेला म्हणाली. "म्हणून जेवताना माझ्या कोपराशी भांडतो. उजव्या मनगटात घड्याळ बांधणारा डॅरेलही डावखुरा. डाव्या हातातून सुटलेला चेंडू उलटा गरगरतो. या हातांनी आयुष्यभर तेवढाच ओळखला. नोलनचा चेंडू सुलटा, यंत्राचाही सुलटा. भीती म्हणावी, तर ती यंत्राची कशी वाटेल? एल्मरने लाच घेतली नाही, बाई. हातांच्या प्रेमात पडून फेकणाऱ्याला तेवढं कापलं."

एल्मरने टोपी काढली.

लोरेनबाई कॉर्विनकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच सरावात कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने चेंडू फिरवून पाहिला, एकदा उलटा, एकदा सुलटा.

"ती सबब झाली असती," तो म्हणाला. मग मान वर करून नोलनकडे पाहिलं. "मला तुझा चेंडू झेलता येत नाही. शिकवशील?"