न खोवलेला काटा

त्या दिवशी पाऊस आला नसता, तर मी मुग्योम सोनाराच्या पडवीत शिरलेच नसते. पण ऐन बाजाराच्या दिवशी तो कोसळला, आणि कचेरीची चांदीची सळई छातीशी धरून मी दिसेल त्या छपराखाली घुसले.

"चोरीचा माल वाटतं?" आतून आवाज आला. हातोडीची टकटक चालूच होती.

"कचेरीचा आहे. मेलेल्या बाईच्या तोंडात घालतात. विष असलं की काळी पडते."

मला वाटलं, घाबरेल. सगळेच घाबरतात. बायकांची प्रेतं तपासणाऱ्या मुलीच्या हातचं पाणीसुद्धा कुणी पीत नाही आमच्या गावात. हा मात्र हसला.

"आणि जिवंत माणसाच्या तोंडाकडे बघता का कधी, वैद्यीणबाई?"

बघितलं... कपाळावर काजळी, गालावर एकच खळी. मग घाईघाईने पावसाकडे बघितलं.

"सळई वाकलीय," तो म्हणाला. "ठेवून जा, नवी घडवून देतो. पुन्हा यायला निमित्त हवं ना तुम्हाला!"

"मला?"

"बरं... मला."

नवी सळई मिळाली, तरी निमित्तं संपेनात. भाजलेले चेस्टनट सोलून तो माझ्या ओंजळीत टाकायचा आणि बोटं उगाच जराशी रेंगाळायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. बहिणीबद्दल मात्र तो एकदाच बोलला. तिचं नाव सुन्ने; येओमांच्या हवेलीत ती दासी होती. मालकाने तिच्याकडे दोनदा वळून बघितलं, म्हणून मालकिणीने तिला मरेस्तोवर मारवलं.

"तिला तपासायला कोण आलं होतं?" मी विचारलं.

"दासीला कोण तपासतं, ओक्दान? दासीच्या माणसांनी मालकावर फिर्याद केली, तर फटके त्यांनाच." मी त्याचा हात धरून बसले.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी त्याने मला केसांत खोवायचा चांदीचा काटा दिला. लांबट, टोकाला आलुबुखाराच्या फुलाची कळी.

"वसंतात, लग्नात, तुझी वेणी सोडायची, अंबाडा बांधायचा आणि हा खोवायचा. तोवर लपवून ठेव. लग्नाआधी घातलास तर गाव नावं ठेवेल."

"चांदी खरी आहे ना रे? सोनारांचा काय भरवसा!"

तो हसला नाही. "याच्याइतकं खरं या हातांनी काही घडवलेलं नाही," म्हणाला. मला कसं गोड वाटलं होतं तेव्हा! काटा मी चोळीच्या आत, काळजाशी ठेवला.

थंडी सरता सरता येओमांची मालकीण अचानक गेली. हवेलीच्या अंगणात चौकशीला कचेरीचे हाकीमसाहेब बसले, पडद्याआड मी. रीतीप्रमाणे सळई तिच्या घशात घातली, तोंड ओल्या कागदाने बंद केलं आणि थांबले. काढली, तर पांढरीशुभ्र. पण बाईची नखं विष भिनल्यासारखी निळी होती.

"नखं निळी, सळई पांढरी!" पांग कारकून खिदळला. "कुणाची घडण? त्या मुग्योमची ना? चांदी खाल्ली असेल लेकाने. सोनार तो, आईच्या नथीतही हात मारेल!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या माणसाला चोर म्हणतो?

"त्याची चांदी खोटी नाही," मी ओरडले. "थांबा, दाखवते!"

आणि मी काळजाशी लपवलेला काटा काढून त्या बाईच्या घशात घातला.

बाहेर काढला तेव्हा तो काळा होता. विषाचा डाग धुऊन जात नाही, म्हणून रीतीप्रमाणे शिकेकाईच्या पाण्याने घासघासून धुतला. काळाच राहिला.

कबुलीसाठी हवेलीतल्या दासींना झोडपायला सुरुवात झाली, तेव्हा मुग्योम आपल्या पायांनी चालत आला. "त्यांना सोडा. दागिने पोचवायला आलो, तेव्हा मालकिणीच्या काढ्यात विष मी घातलं," म्हणाला.

कोठडीच्या गजांशी बसून मी त्याला एवढंच विचारलं, "त्या दिवशी पडवीत... माझ्याशी बोललास, की सळईशी?"

"सळईशी." त्याने मान खाली घातली. "तीच हवी होती मला. तिच्या जागी चांदीसारखं दिसणारं, पण विषाने काळं न पडणारं पांढरं तांबं ठोकून दिलं. तुझ्याशी बोलायला लागलो ते नंतर... मग थांबताच येईना."

"आणि काटा?"

"त्यातही तांबंच घालायचं होतं गं. साधी गोष्ट होती." त्याची खळी क्षणभर उमटली. "हात चालेना. तुला खोटं द्यायला हात चालेना, ओक्दान."

मी गजांतून हात घातला. माझ्या प्रेमानेच त्याला मारलं होतं, आणि त्याच्या प्रेमानेही. दोघंही रडलो. दुसरं काय करणार होतो?

आलुबुखाराची फुलं आली त्या आठवड्यात त्याची मान उडवली. काळवंडलेला अपशकुनी काटा कचेरीत कुणाला नको होता. पांगने तो माझ्यापुढे टाकला. मी तिथेच, सगळ्यांसमोर वेणी सोडली, अंबाडा बांधला आणि तो काळा काटा खोवला.

पांग बघतच राहिला. "अगं, लग्न कधी झालं तुझं?"

"झालं," मी म्हटलं. "विधवाही झाले."