दहा सिटिंग

त्या सोमवारी मी कॉलेजला निघाले ती एक कॅनव्हास आणि एक कागद जमा करायला. कॅनव्हास जुन्या चादरीत गुंडाळलेला, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्या नवऱ्याने, कल्पेशने, एमआयडीसीत कामावर जाता जाता अंबरनाथपर्यंत बाइकवर सोडलं. कॅनव्हास आमच्या दोघांच्या मध्ये. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले आणि मध्ये दोन बाय तीन फुटांची म्हातारी.

"आपल्यातलीच दिसते गं," उतरताना चादरीचं टोक उचलून तो म्हणाला. "कोण आहे?"

"मॉडेल."

"बघते कशी बघ... तुझ्या सासूपेक्षा डेंजर."

मी हसले. पुढे शेअर रिक्षाने कॅम्प पाच या वस्तीत. आमचं आर्ट कॉलेज तिसऱ्या मजल्यावर आहे, खालचे दोन्ही मजले जीन्स शिवणाऱ्यांचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मशिनी घरघरतात आणि जमीन तळपायांना बारीक गुदगुल्या करत राहते. टर्पेंटाइनचा आणि खालच्या ब्लीचचा वास एकमेकांत असा मिसळलेला, की पाच वर्षांत मला त्यांची फारकत करता आलेली नाही.

एआयबद्दलचे नियम यंदाचे. मागच्या वर्षी निम्म्या वर्गाने शेवटची पोर्ट्रेट्स मोबाइलवर बनवलेल्या चेहऱ्यांवरून रंगवली, आणि एका मुलाच्या चित्रातल्या आजोबांना सहा बोटं निघाली, तेव्हापासून. चार पानांचं परिपत्रक. ते एआयकडूनच लिहून घेतलंय, असं आम्ही जिन्यात बोलायचो. कल्पना सुचायला, रंगसंगती बघायला एआय वापरा, पण काय विचारलंत ते लिहून द्या. शेवटच्या वर्षाचं पोर्ट्रेट मात्र जिवंत माणूस समोर बसवूनच. दहा सिटिंग. प्रत्येक सिटिंगची तारीख, वेळ आणि बसलेल्या माणसाची सही किंवा अंगठा एका शीटवर. खोटं निघालं तर वर्ष गेलं.

माझं वर्ष जाऊन चालणार नव्हतं. अंबरनाथच्या एका शाळेत ड्रॉइंग टीचरची जागा मला कबूल झाली होती, सर्टिफिकेट जूनमध्ये दाखवायचं या अटीवर. आणि घरी सासूबाईंनी लग्न ठरतानाच सांगितलं होतं, "यो एक वरीस शिक गो बाय, मंग बास." त्या वाईट नाहीत. फक्त शब्दाच्या पक्क्या आहेत.

मॉडेल मिळवायचा प्रयत्न मी केला होता, खरंच. मला आमच्यातलीच एखादी म्हातारी हवी होती, उन्हाने रापलेली, मिठागरात आयुष्य गेलेली. कल्पेशच्या आत्याला विचारलं, शेजारच्या रखमाआजीला विचारलं, माहेरच्या काशीमावशीला विचारलं. तिघींचं एकच म्हणणं. आत्या तर उठूनच उभ्या राहिल्या.

"जित्या मानसाचा फोटू भितीवर लावतान का गो? त्यो मेल्यावर. हार घालाला."

मी चहाचे कप उचलले.

मग एका शुक्रवारी दुपारी, माडीवरच्या खोलीत, मी मोबाइल काढला. शुक्रवारी आमच्या बदलापूर गावात लाइट जाते, सासूबाई खाली झोपतात, घरात पंख्याचासुद्धा आवाज नसतो. एआयला लिहिलं: आगरी म्हातारी, सत्तरच्या आसपास, लाल नऊवारी, लाकडी खुर्चीत, खिडकीचं ऊन डाव्या गालावर. अर्ध्या मिनिटात ती आली. इतकी बरोबर, की मी मोबाइल उलटा ठेवला आणि थोडा वेळ छताकडे बघत बसले.

दहा शुक्रवार मी त्या चेहऱ्यावरून रंगवलं. समोर एक खुर्ची ठेवायचे, रिकामी, मनाच्या समाधानासाठी. शीटवर नाव लिहिलं सुंदराबाई. दहा तारखा, वेळ सव्वाबारा ते दोन. अंगठे मीच दिले, डावा अंगठा, निळी शाई. त्यावर विळीने कापल्याची तिरकी रेघ आहे, ती दहाही ठिकाणी नीट उमटली. म्हातारीच्या हाताला शोभेल अशी, म्हणून मला तेव्हा बरंच वाटलं.

ज्युरीच्या दिवशी, म्हणजे त्या सोमवारीच, मॉडेलने पंधरा मिनिटं चित्राशेजारी हजर राहायचं, हा शेवटच्या पानावरचा नियम. त्यावर माझं उत्तर तयार होतं. आजी तापाने आजारी आहेत, सर. रिक्षात मी ते तीनदा मनात म्हणून बघितलं होतं. तिसऱ्यांदा माझाच विश्वास बसला.

जिना चढून वर आले तर आमचे दिनानाथ सर दारातच.

"तेजस्वी, किती उशीर? बाई कधीच्या येऊन बसल्यात."

"कोण बाई, सर?"

"कोण म्हणजे? तुझ्या सुंदराबाई."

स्टुडिओच्या टोकाला, खिडकीपाशी, ती बसली होती. लाल नऊवारी. डाव्या गालावर ऊन. मी तिच्या उजव्या भुवईखाली एक छोटी सुरकुती रंगवताना चुकले होते, ब्रश घसरला होता आणि मी ती तशीच ठेवली होती. ती सुरकुती तिला होती.

माझ्या हातातून चादर सुटली. सरांनी कॅनव्हास इझलवर ठेवला, एकदा चित्राकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखे हसले.

"बघ, याला म्हणतात समोर बसवून काढणं. मशिनला हे जमणार आहे का?"

ती माझ्याकडेच बघत होती. पापणी न हलवता. मॉडेलने बसावं तशी.

"आजी, अंगठा द्या जरा," सर म्हणाले. "नियम आहे, जुळवून बघावा लागतो."

आता संपलं, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. अंगठा जुळणार नाही, मी कबूल करेन, वर्ष जाईल, पण ही बाई कोण हे तरी कुणीतरी विचारेल. तिने डावा हात पुढे केला. सरांनी पॅडवर टेकवला, कागदावर दाबला, माझी शीट शेजारी ठेवली आणि भिंग घेऊन वाकले. खालच्या मशिनी त्याच वेळी थांबल्या, जेवणाची सुट्टी झाली असावी. जमीन एकदम गप्प.

"परफेक्ट," सर म्हणाले. "ही कापल्याची रेघसुद्धा."

मी माझा डावा अंगठा मुठीत घेतला.

पंधरा मिनिटं मी तिच्याशेजारी उभी होते. तिच्या अंगाला माणसाचा वास नव्हता. ओल्या तेलरंगाचा होता. सर दुसऱ्या मुलांकडे गेले तेव्हा मी ओठ न हलवता विचारलं, "तुम्ही... कोण?"

"तूच नाव लिवलंस की गो."

"मी तुम्हाला कधी बघितलेलं नाही..."

"नाय. मना बशीवलंच नाय तू." आवाज मऊ होता, लग्नघरातल्या एखाद्या म्हातारीसारखा. "दहा येला बसले म्हनून अंगठं दिलंस. खुर्ची तर मोकलीच."

"मला माफ करा... मी सरांना सांगते, आत्ता सांगते..."

"सांग की. पन अंगठं तुझं हायेत. बसाला तुनाच लागंल." ती उठली, पदर सारखा केला. "शुक्रवारी येतंय. सव्वाबारा."

जिन्यावरून उतरताना तिचा आवाज झाला नाही. खाली चहा घेणाऱ्या कारागिरांना मी विचारलं, लाल साडीतली आजी कुठे गेली? एकजण म्हणाला, "कौनसी आजी, दीदी? अभी तो कोई उतरा नहीं."

मी पास झाले. पहिली आले म्हणा ना. सासूबाईंनी आळीत पेढे वाटले.

शुक्रवारी लाइट गेली. सासूबाई खाली झोपल्या. माडीच्या दाराला मी आतून कडी घातली होती आणि दाराकडे तोंड करून बसले होते. सव्वाबाराला माझ्या पाठीमागून टर्पेंटाइनचा वास आला. वळून बघितलं तर ती इझलपाशी उभी, हातात माझाच ब्रश, समोर कोरा कॅनव्हास.

"बस," ती म्हणाली. "हलू नको."

मी बसले. का बसले, हे मला अजून सांगता येत नाही. दोन वाजता ती नव्हती. कॅनव्हासवर फक्त खुर्ची होती आणि खिडकी, आणि खुर्चीच्या पायांशी जमिनीवर दोन पावलं. माझी. जोडव्यांसकट. इझलच्या कडेला नवी सिटिंग शीट लावलेली. दहा ओळी. पहिलीवर माझी सही.

मी धावले ते थेट दिनानाथ सरांकडे. सगळं सांगितलं. नियम मोडला, चेहरा एआयचा आहे, वर्ष घालवा माझं, लिहून देते. सरांनी मला खुर्ची पुढे केली. मग हळूच म्हणाले, "लग्नानंतरचं वर्ष, अभ्यास, घर... ताण येतो. मी त्या बाईंशी बोललोय, तेजस्वी. माझ्याकडे चहा मागितला त्यांनी."

"सर, फोटो आहे माझ्याकडे. मी काय लिहिलं होतं तेसुद्धा."

मोबाइल उघडला. मी लिहिलेलं वाक्य जागच्या जागी होतं. आगरी म्हातारी, सत्तरच्या आसपास, लाल नऊवारी. खाली चित्रही होतं. लाकडी खुर्ची, खिडकी, खुर्चीच्या डाव्या हातावर ऊन. खुर्चीत कुणी नव्हतं.

"यात नियमभंग कुठे आहे?" सर म्हणाले. "बॅकग्राउंड तर चालतं."

त्यानंतर मी एक शुक्रवार माहेरी अंबरनाथला राहून बघितलं. सव्वाबाराला काशीमावशीने हाक मारली, म्हणे, तू इथे गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून का बसलीस? मी स्वयंपाकघरात होते असं मला आठवत होतं. पण बदलापूरला परत आले तेव्हा कॅनव्हासवर साडीच्या निऱ्या आल्या होत्या, आणि शीटवर दुसरी सही.

तो कॅनव्हास मी विहिरीपाशी नेऊन जाळला. तिसऱ्या शुक्रवारी तो इझलवर होता, कमरेपर्यंत रंगवलेला.

जूनमध्ये शाळेत रुजू झाले. मुलं आवडतात मला, त्यांचा गोंगाट आवडतो. शुक्रवारी फक्त सकाळची शाळा मागून घेतली. हेडबाई म्हणाल्या, नवीन लग्न आहे, समजू शकते. मी मान खाली घातली. लोक नव्या नवरीच्या मान खाली घालण्याचा एकच अर्थ लावतात, ते किती सोयीचं असतं.

काल रात्री सासूबाईंना मी पाणी द्यायला गेले. त्या देवापाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी अगदी जवळ जाऊन तांब्या ठेवला तेव्हा त्या दचकून ओरडल्या.

"कवा आलीस गो? कालजाचा पानी केलास!"

"आत्ताच आले, आई."

त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाल बगू दारापर्यंत."

मी चालले. पायात लग्नात घातलेले घुंगरांचे पैंजण होते, भरगच्च. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. एकही घुंगरू वाजलं नाही. सासूबाईंनी देवापुढचा दिवा उचलून माझ्या पायांजवळ आणला, बराच वेळ धरला, आणि मग अगदी सांभाळून परत जागेवर ठेवला.

आज शुक्रवार. बारा वाजून पाच मिनिटं झाली आहेत. शीटवर नऊ सह्या आहेत. हात, खांदे, मंगळसूत्र, केसातला गजरा, सगळं झालंय, आणि काम सुरेख आहे, एवढं म्हणायलाच हवं. फक्त चेहरा राहिलाय. तिथे नुसता कोरा कॅनव्हास. खालून सासूबाईंच्या हाका ऐकू येतायत, "तेजस्वी... अगो तेजस्वी..." मी मघापासून ओ देते आहे. जोरात देते आहे. त्या हाका मारायच्या थांबत नाहीत.