फॉर्मवरचं ‘नाही’

“ओव्हरक्लॉक केलं होतं का?”

काउंटरपलीकडून प्रश्न आला आणि तिने मान वर केली. विचारणारा तरुण कपाळावर भिंग चढवून उभा होता. त्या सेवा केंद्रात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. ती मुलांच्या धड्यांसाठी हलती चित्रं बनवायची, आणि कालच तिच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड ऐन कामात बंद पडलं होतं.

“ओव्हरक्लॉक कशाला म्हणायचं, ते आधी ठरवा.”

“कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवणं.”

“काम वाढलं की कार्ड आपणहून वेग वाढवतं, ते?”

“ते त्याच्या मर्यादेत. चालतं.”

“आणि कारखान्यातूनच जादा वेगाचं आलं तर?”

“तर जबाबदारी कंपनीची. आम्ही धरत नाही.”

“वा! कंपनीने पळवलं तर कौतुक, आम्ही पळवलं तर गुन्हा?”

तो हसला. “वकिली करता का हो?”

“नाही, हत्ती-मुंग्या काढते.”

मागची रांग कुरकुरू लागली. त्याने कार्ड वॉरंटीत बदलून घेण्याचा फॉर्म पुढे सरकवला. त्याच प्रश्नासमोर तिने पेन टेकवलं… आणि ‘नाही’ लिहिलं.

खरं वेगळंच होतं. त्या कार्डावर एक इवलासा स्विच असतो. एका बाजूला कारखान्याने ठरवलेलं वेगाचं सेटिंग. दुसऱ्या बाजूचं सेटिंग तिने स्वतः बदलून वेग चढवला होता. निघताना नखाने तो स्विच हळूच पहिल्या बाजूला सरकवून ती आली होती.

डॉक्टरने भिंगातून कार्ड बराच वेळ न्याहाळलं. मग तिच्याकडे पाहिलं. आणि सही केली.

पुढचे दहा दिवस त्याचे फोन येत राहिले. “कार्ड तपासणीला गेलंय,” एवढंच सांगायचं असायचं. पण वाद लांबायचा.

“प्रोसेसरचा वेग तोच ठेवून नुसता मेमरीचा वाढवला, तर ते ओव्हरक्लॉकिंग?”

“त्यावर आमच्यातच भांडणं आहेत.”

“मग भांडा ना माझ्याशी!”

“तेच तर करतोय… रोज.”

तिची आत्या खोलीत डोकावायची. “कार्ड लवकर येऊच नये असं वाटतंय वाटतं कुणाला तरी?”

ती लाजायची, आणि दुसऱ्याच क्षणी ते ‘नाही’ आत टोचायचं. हा माणूस किती सरळ बोलतो, आणि आपण?

अकराव्या दिवशी फोनवर दुसराच आवाज होता. “बाई, मुख्य तपासणीत स्विचच्या दुसऱ्या बाजूचा चढवलेला वेग सापडला. सही डॉक्टरची होती. त्याला काउंटरवरून हलवलंय.”

तिच्या कानशिलांना आग लागली. समोरचं ताट तसंच राहिलं.

“मी खोटं बोलले गं आत्या. त्याच्या तोंडावर.”

“मग खरंही तोंडावरच बोल. ऊठ.”

केंद्राच्या प्रमुख बाईंसमोर तिने सगळं सांगून टाकलं. मान वर होत नव्हती. बाईंनी चष्मा काढला.

“आज काय कबुलीजबाबांचा दिवस आहे? सकाळी तो येऊन गेला. म्हणे, स्विचजवळच्या धुळीत नखाचा ताजा ओरखडा दिसला होता, तरी सही केली. जा, मागे आहे तो.”

मागच्या खोलीत तो परत आलेली कार्डं खोक्यांत लावत होता. तिला पाहताच त्याच्या हातातलं खोकं निसटलं.

“तुम्हाला… माहीत होतं?”

“हो.” त्याचा चेहरा लालबुंद झाला. “नियमाने तिथेच कार्ड परत द्यायला हवं होतं. तुम्ही तरी तुमच्या कामासाठी खोटं लिहिलंत. मी तर… कामाशीच बेइमानी केली.”

“कशासाठी?”

तो दुसऱ्याच एका खोक्याची कड नीट करू लागला.

“परत दिलं असतं तर तुम्ही गेला असता.”

दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. शेवटी तोच पुटपुटला, “कार्ड आता बदलून मिळणार नाही.”

“माहितीये.” तिने स्टूल ओढलं, खाली पडलेलं खोकं उचललं आणि त्याच्या शेजारी बसली. “तरी गेले का मी?”