जागल्याचा सौदा

“देशाची दारं उघडली, आता चौसाळ्याचा माल जगाच्या बाजारात जाणार,” असं शिवशरण आप्पांनी त्र्याण्णव साली हातात नारळ घेऊन जाहीर केलं, त्या वेळी त्यांच्या मागं दुकानाचं शटर अर्ध्यात अडकलेलं होतं. जगाच्या बाजारात निघालेल्या कंपनीच्या उद्घाटनाला आलेले सगळे पाहुणे गुडघ्यात वाकून आत शिरले. तलवाड्याच्या एका सोयऱ्याचा फेटा शटरलाच लटकून राहिला.

ते शटर जुनं पापी. आप्पांचा धाकटा भाऊ श्रीशैल लहान असताना त्याच्या उजव्या करंगळीवर ते येऊन पडलं होतं. करंगळी वाचली, पण कायमची आकड्यासारखी वाकडी झाली. पुढं हाच श्रीशैल औरंगाबादहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन आला आणि टीव्हीला जोडून खेळायच्या गेमच्या कॅसेटी बनवू म्हणाला. भुसार मालाच्या धंद्यात केस पांढरे झालेल्या आप्पांनी पहिला प्रश्न विचारला, की यात वजनात किती तूट येते. तूट येतच नाही म्हटल्यावर त्यांना धंद्याचा संशय आला. भावाचा मात्र कधी आला नाही. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणे. ‘दादा’ म्हणणारा जगात एकटा श्रीशैल होता.

‘नंदी व्हिडिओ गेम्स’च्या पाटीवर तीन स्टुडिओंची नावं होती: चौसाळा, दिंद्रुड, तलवाडा. दिंद्रुडचा स्टुडिओ म्हणजे मेव्हण्याच्या तेलघाण्याचा पोटमाळा, तिथं एक कॉम्प्युटर आणि त्याच्यासाठी एक कूलर. माणसांसाठी कूलर नव्हता. तलवाड्याला आलेखाच्या कागदावर चौकोन भरून चित्रं काढायचे. एवढ्या संसारातून तीन खेळ निघाले. ‘बैलगाडी’ बरा चालला. ‘ऊसतोड’ फारसा चालला नाही, कारण ज्यांना ऊस तोडायला जावंच लागतं त्यांची पोरं घरी बसून पुन्हा ऊस तोडायला राजी होईनात.

‘जागल्या’ मात्र धो धो चालला. ज्वारीच्या रानात मचाणावर राखणीला बसलेला एक माणूस, हातात गोफण, आणि चहूकडून येणारी रानडुकरं. एवढाच खेळ. पण जागल्या बोलायचा, आणि श्रीशैलच्या आवाजात बोलायचा. पहिलं डुक्कर दिसलं की “कोन हाय बे?” डुक्कर मेलं की “ये की म्होरं.” आणि खेळणाऱ्यानं बराच वेळ रिमोटला हातच लावला नाही, तर उगाच आपलं “निजलो न्हाई.”

चौथं वाक्य नव्हतं. आप्पांनी एकदा सुचवलं होतं की ‘नंदी गेम्स वापरा’ असंही त्याला म्हणायला लाव. श्रीशैलनं समजावलं, की चिपमध्ये तसूभर जागा नाही, चौथं वाक्य घालायचं तर डुकरं काढून टाकावी लागतील. जागा वाचवायची म्हणून त्यानं जागल्याचे पायसुद्धा चितारलेले नव्हते. कमरेखाली मचाणाची फळी होती, काम भागत होतं.

मग बाहेरच्या देशातून शंभर-शंभर खेळांची एकेक स्वस्त कॅसेट बाजारात आली. जी दारं आप्पांच्या मालासाठी उघडली होती, त्यातून दुसऱ्यांचाच माल आत आला. त्याच सुमारास मांजरसुंब्याच्या घाटात जीप उलटली आणि श्रीशैल गेला. त्यानंतर कंपनी बुडायला फार मेहनत लागली नाही.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात विक्री सुरू झाली. दिंद्रुडच्या पोटमाळ्यात शिकवणी आली, तलवाड्याच्या खोलीत एसटीडी बूथ. आता उरलं होतं चौसाळ्याचं दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि तीन खेळांचे हक्क. वरच्या खोल्यांत श्रीशैलची बायको नीलाबाई राहायची. महिनाअखेर खेळ विकले गेले नाहीत तर कर्जापोटी बँक खोल्यांना सील ठोकणार होती.

गिऱ्हाईक होतं. पुण्याच्या एका कंपनीचे अभिमन्यू साहेब. त्यांनी फोनवर सगळं साफ सांगितलं होतं: खरं पाहता त्यांना जागल्याच हवा. त्याचं नाव, रूप आणि झाडून सगळ्या कॅसेटी. एकही मागं ठेवायची नाही. आवाज गावंढळ आहे, तो काढून पुण्यातल्या नटाचा भरणार.

नीलाबाईकडं नवऱ्याचा दुसरा आवाज नव्हता. लग्नाच्या व्हिडिओवर सनई भरलेली होती. ती रोज दुपारी खाली दुकानात यायची, टीव्ही लावायची आणि रिमोट मांडीवर घेऊन काही न करता बसायची. काही न करता बसलं तरच ते वाक्य यायचं.

आप्पांनी तिला सौद्याचं सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत होती.

“खोल्या जात्याल तर जाऊ द्या, आप्पा,” ती म्हणाली. “तुमच्या पडवीत पडन मी. आवाज कुठून आनू?”

आप्पा म्हणाले की छप्पर महत्त्वाचं, आवाज काय मनात राहतो. हे बोलताना ते शेंगांकडं बघत होते. त्यांनी विकायचं ठरवलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना नको होती. आपल्या नवऱ्याचा आवाज कितीला गेला, हे नीलाबाईच्या कानावर पडायला नको होतं.

त्यावर त्यांनी तोडगा काढला तो बैलबाजारातला. बैलाचा सौदा तिथं तोंडानं होत नाही. दलाल दोघांच्या हातांवर उपरणं टाकतो, आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. जितकी बोटं तितका आकडा. पटलं नाही तर हात सोडायचा, पटलं तर समोरच्याची अख्खी मूठ आवळायची. मूठ आवळली की सौदा झाला. मग बैल वाटेत मेला तरी तो घेणाऱ्याचा. दोघांनीही तोंडाकडं बघायचं नाही, दुसरीकडं कुठंतरी बघत राहायचं. चेहरा चुगली करतो.

दलाल म्हणून विठ्ठलराव आले. चाळीस वर्षं बैल विकलेला माणूस. त्यांनी आधी कॅसेट उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, “दात किती हायेत याला?” मग स्वतःच म्हणाले, की चालतंय, झाकलेल्या हाताला मालाशी काय करायचंय.

अभिमन्यू साहेबांना हा प्रकार भारी आवडला. पुण्याला सांगायला गोष्ट झाली. दुपारचं ऊन शटरच्या अर्ध्या फटीतून आत येत होतं. पोत्यांच्या थप्पीपुढं टीव्ही, टीव्हीसमोर बाकडं, बाकड्यावर आप्पा आणि साहेब, मधे विठ्ठलराव उपरणं झटकत उभे. नीलाबाई आतल्या दाराशी. तिनं चहा आणून ठेवला आणि गेली नाही.

साहेब म्हणाले, सौद्याआधी माल एकदा चालवून पाहतो. रिमोट त्यांनी हातात घेतला. मचाण आलं, ज्वारी आली. जागल्या आला.

“हा समोर का बघतोय?” साहेबांनी विचारलं.

जागल्या नेहमी रानाकडं, म्हणजे पडद्याच्या डाव्या कडेला बघत असे. आज तो बाहेर बघत होता. आप्पांनी वाकून पाहिलं. चार चौकोनांचं तोंड, दोन चौकोनांचे डोळे. त्यात बघणं ते काय असणार. चिप तापली असेल, असं ते म्हणाले.

साहेबांनी बटण दाबलं. गोफण फिरली नाही. पुन्हा दाबलं.

“निजलो न्हाई,” टीव्ही म्हणाला.

“हे लगेच कसं आलं? मी तर बटण दाबतोय.”

आप्पांनी कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारली. हा त्या काळचा सगळ्या आजारांवरचा उपाय होता. कॅसेट पुन्हा बसवली. मचाण, ज्वारी, जागल्या. तोंड बाहेर. आता डुकरं यायला हवी होती. डुकरं येईनात. वाऱ्यानं ज्वारी हलते तेवढी हलत राहिली. पंख्याचा घर्रर्र आवाज आणि साहेबांच्या बोटाखाली बटणाची टकटक, बाकी दुकानात काही वाजत नव्हतं.

“डुकरं कुठं गेली?” साहेब म्हणाले.

दारातून नीलाबाई हळूच म्हणाली, “जागा करून दिली असंल.” तिला कुणी काही विचारलं नव्हतं. कुणी काही विचारलंही नाही.

साहेब आता हट्टाला पेटले होते. विठ्ठलरावांना मात्र एसटी धरायची होती. त्यांनी बाकड्यावर आप्पांच्या आणि साहेबांच्या मधे उपरणं सोडलं आणि चला म्हणाले. आप्पांनी आपला उजवा हात उपरण्याखाली घातला. रिवाजाप्रमाणं तोंड फिरवलं आणि टीव्हीकडं बघत बसले.

जागल्या मचाणावरून उतरत होता.

आप्पांना आधी त्यात वावगं वाटलं नाही. मचाणावरचा माणूस कधीतरी उतरणारच. मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्याला पाय आहेत. कुणी न चितारलेले पाय. एक, मग दुसरा. शिडी नसलेल्या जागेवरून तो शिस्तीत खाली आला, ज्वारीत शिरला आणि पडद्याच्या कडेतून निघून गेला. मचाण रिकामं राहिलं.

उपरण्याखाली एक हात आला.

आप्पांनी मनात आकडा ठरवलेला होता. त्यांनी चार बोटं दाबली.

त्या हातानं ती सोडवली. एकेक करून, हलक्यानं.

आप्पांनी तीन दाबली. तीही सोडवली. नाकात राळेचा वास आला. तारेला डाग देऊन जोडताना येतो तसा, थोडा जळका. दुकानात गेल्या वर्षभरात कुणी डाग दिला नव्हता.

मग त्या हातानं आपली बोटं आप्पांच्या तळव्यात ठेवली. चार बोटं सरळ होती. पाचवं सरळ होत नव्हतं.

आप्पांनी ते बोट चाचपलं. दुसऱ्यांदा चाचपलं.

आणि मग, सौदा, साहेब, बँक, सगळं विसरून, त्यांनी तो हात धरला. लहानपणी बाजारात धरायचे तसा. अख्खी मूठ आवळून.

उपरणं ताणलं गेलेलं विठ्ठलरावांनी पाहिलं. “झालं,” ते म्हणाले.

“काय झालं?” साहेब म्हणाले.

“सौदा झाला, साहेब. मूठ आवळली की त्यांनी.”

“अहो, पण मी अजून हात दिलाच नाही.”

विठ्ठलरावांनी बघितलं. साहेबांचे दोन्ही हात रिमोटवर होते. रिकाम्या मचाणावर जागल्याला परत आणायला ते केव्हाचे दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबत होते.

विठ्ठलरावांनी उपरणं उचललं.

खाली आप्पांची एकटी मूठ होती. घट्ट आवळलेली, आत मात्र दुसऱ्या हाताएवढी पोकळी.

पडद्यावर जागल्या मचाणावर बसलेला होता. कमरेच्या वर. तोंड रानाकडं.

मग साहेब म्हणाले की हा पोरखेळ झाला, सौदा पुन्हा करू. विठ्ठलराव उपरण्याची घडी घालत होते. घडी नीट बसेना, म्हणून त्यांनी ते तसंच खांद्यावर टाकलं.

“मूठ आवळलेला सौदा मोडत न्हाई,” ते म्हणाले. “कुनासंगं झाला ते मला इचारू नगा. पर त्याचा माल आता दुसऱ्याला इकता येत न्हाई.”

आप्पांनी दलाली पुढं केली, डाव्या हातानं. विठ्ठलरावांनी ती घेतली नाही. चाळीस वर्षांत हे प्रथमच झालं, आणि चौसाळ्यात या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट लोकांना अजून खोटी वाटते.

अभिमन्यू साहेबांनी ‘बैलगाडी’ आणि ‘ऊसतोड’ किरकोळ भावात घेतले आणि गाडीत बसले. जागल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. जाताना शटरखालून वाकले ते रस्त्यापर्यंत वाकलेलेच गेले. आप्पांची मूठ दिवेलागणीला सुटली. तोवर चहा डाव्या हातानंच झाला.

दोन खेळांत छप्पर वाचण्यासारखं नव्हतं. महिनाअखेर वरच्या खोल्यांना सील लागलं. नीलाबाईची ट्रंक, भांडी आणि टीव्ही दुकानामागच्या आप्पांच्या पडवीत आले. खोल्या गेल्याचं तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही. पाटावर टीव्ही ठेवला, जागल्याची कॅसेट लावली, समोर पोतं अंथरलं आणि रिमोट मांडीवर घेऊन बसली.

एका दुपारी आप्पा जेवून पडवीत आले. ते थकलेले दिसत होते. टीव्हीच्या आणि तिच्या मधे उभे राहून ते म्हणाले की बाई, मी तुझं छप्पर घालवलं. ती म्हणाली, “कावून घोर लावून घेता, आप्पा? हितं काय ऊन लागतंय व्हय?” आप्पांना पुढं बोलायचं होतं, तेवढ्यात लाईट गेली. उन्हाळ्यात या वेळेला रोजच जायची. पंखा फिरत फिरत थांबला. टीव्हीचा पडदा काळा झाला आणि मधला पांढरा ठिपका लहान होत विझला.

आप्पा तिथंच उभे होते. त्यांची पाठ रुंद. तिच्या आड अख्खी नीलाबाई झाकून जायची.

पाठीमागून, विझलेल्या टीव्हीतून, कुणीतरी हळू आवाजात म्हणालं,

“दादा, जरा सरक की. दिसंना.”