मशालीचा हात

चाकणच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, मापात बसला तर पुढे, नाही तर बाजूला. बारा वर्षं हेच. म्हणून जे सांगतोय ते मोजूनच सांगतोय.

मोशीहून कंपनीच्या बसला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात मी मोबाइलवर एक गेम खेळायचो. जगभरचे नामांकित पुतळे छोट्या ‘रेलिक’च्या रूपात गोळा करायचे. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी सगळ्यांत दुर्मिळ. अकरा महिन्यांनी, मार्चातल्या एका सोमवारी, ती मला मिळाली. हिरवट तांब्याची, उजव्या हातात उंच धरलेली मशाल. बोटाने फिरवली की चारही बाजूंनी दिसायची. खाली माहिती होती: खऱ्या पुतळ्याच्या आत गोल लोखंडी जिना आहे, पर्यटक त्याने मुकुटापर्यंत चढतात आणि तिथल्या खिडक्यांतून बाहेर बघतात.

मंगळवारी सकाळी माझी बायको विजयश्री वेणी घालता घालता थांबली. "अहो, हात खाली येईना गेलाय."

उजवा हात खांद्यातून थोडा उचललेला. दुखत नव्हता. ती वायरी जोडायच्या लाइनवर आठ तास उभी असते. आखडला असेल म्हटलं. घरमालकीण इंदुताईंनी तेल चोळलं. "लई गार पडलाय गं," एवढंच बोलल्या आणि पदराला हात पुसत राहिल्या.

बुधवारी मी कंपनीतून कोनमापक आणला. बेचाळीस अंश. गुरुवारी सकाळी एकसष्ट. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, नसा तपासल्या. सगळं नॉर्मल.

त्याच दुपारी गेम उघडला. देवीचा हात खाली आला होता. स्क्रीनवर कोनमापक धरून पाहिला. जितका विजयश्रीचा चढला होता, बरोबर तितकाच इकडचा उतरला होता.

तिला दाखवलं. तिने डाव्या हाताने देवी फिरवून पाहिली.

"काढून टाका ना हे."

"काढतो," मी म्हणालो.

काढला नाही. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. अकरा महिने लागले होते मला.

शनिवारी तिचा हात ताठ वर गेला. दारातून जाताना वाकावं लागायचं. सुपरवायझर म्हणाला, "बरं वाटलं की या, ताई." मी तिला भात भरवू लागलो, केस विंचरू लागलो. रविवारी गेम काढला, मग मोबाइलमधलं सगळंच पुसून टाकलं.

हात हलला नाही.

आज सत्ताविसावा दिवस. आता तिला बसताही येत नाही. खिडकीपाशी उभी असते. नखांवर हिरवा थर चढलाय. चिंचेने घासला तरी जात नाही.

दुपारी पहिली शिफ्ट करून आलो.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कुणीतरी जिना चढायलंय."

"वरच्या मजल्यावरचे असतील."

"नाही. माझ्या आत."

मी तिच्या पाठीला कान लावला.

पावलं होती. पुष्कळ. लोखंडी पायऱ्यांवरून गोल गोल वर येणारी. कुणाला धाप लागली होती. एक बाई हसली.

पावलं मानेपर्यंत आली. आणखी वर गेली. थांबली.

मी वळसा घालून तिच्यासमोर आलो.

"विजू?"

ओठ हलले नाहीत.

तिच्या डोळ्यांमागे गर्दी झाली होती. एकेक जण पुढे होऊन आमची खोली बघत होता.

मग डाव्या बुबुळात काहीतरी लखकन चमकलं. कुणीतरी माझा फोटो काढला होता.